कॅलेंडरछाप फोटोंचा कंटाळा आलाय, वेगळं काय करून पाहू? (सल्ला हवा)

पऱ्हाटी:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लग्नसराईत एका स्टुडिओसाठी फोटो काढतो, बाकी वर्षभर घरची सहा एकर. कॅमेरा जुना, कॅननचा एन्ट्री लेव्हल, किटची १८-५५ लेन्स आणि एक ५० एमएम १.८. ट्रायपॉड आहे, पण एका पायानं लंगडा.

अडचण अशी की 'आर्ट' म्हणून जे काढतो ते सगळं पतसंस्थेच्या कॅलेंडरवर शोभेल असं निघतं. मावळता सूर्य, बैलगाडी, आबाच्या सुरकुत्या. मागच्या आठवड्यात ग्रुपवर आलेला माझाच जुना फोटो दुसऱ्या कोणाचा समजून लाइक केला. आता बोला.

फाइन आर्ट म्हणतात ते कसं जमवायचं? लेन्स सुचवू नका, बजेट दोन हजार. रान सध्या मोकळं आहे, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उपटून झाल्या, पळस फुलून गेला, ऊन ४३ च्या वर.

धुऱ्यावरचा:
सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवायचा. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, शटर १/८ ते अर्धा सेकंद. उभी झाडं असतील तर वरून खाली, रान आडवं पसरलेलं असेल तर आडवा. हात आधी हलायला लागला पाहिजे, मग बटण. थांबून बटण दाबलं की सुरुवातीला ठसा उमटतो आणि फोटो नुसता हललेला दिसतो.

दुपारी मात्र जमणार नाही. आपल्या उन्हात आयएसओ १०० आणि एफ २२ ला (लेन्सचं भोक अगदी लहान) शटर १/५० सेकंदाच्या आसपास येतं. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठपट कमी करणारी काळपट काच) लावला तर १/६ पर्यंत उतरतं. १८-५५ साठी तो तुझ्या बजेटात बसेल. नसेल घ्यायचा तर सूर्य उगवायच्या आधीची वीस मिनिटं फुकट आहेत.

शंभरात चार चांगले निघतात. उरलेले ९६ घरी कोणाला दाखवू नकोस.

सावलीतला:
भाऊ, ४३ मध्ये मी तर फोनचा कॅमेराबी उघडत नाही. पाण्याची बाटली घेऊन जाजो.

मोहाखाली:
गावात एखादं एकटं मोठं झाड असेलच. त्याच्याभोवती फेरी मारत दर चार-पाच पावलांवर एक असे वीस फोटो काढ. बुंधा दरवेळी फ्रेमच्या मधोमध आणि साधारण तेवढाच मोठा यायला हवा. मग गिंपमध्ये (फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर) एकावर एक लेयर चढव. अपारदर्शकता खालचा १०० टक्के, दुसरा ५०, तिसरा ३३, चौथा २५, असं उतरत विसावा ५ टक्के. म्हणजे प्रत्येक फोटोचा वाटा सारखा राहतो. बुंधा टिकतो आणि फांद्या, शेत, आभाळ यांचं वादळ होतं. कॅटलान छायाचित्रकार पेप वेंतोसा या पद्धतीसाठी ओळखला जातो, त्याची झाडं शोधून बघ.

मी आमच्या मोहाच्या झाडावर केलं. खाली फुलं वेचणाऱ्या दोघी-तिघी वीसपैकी पाचच फोटोंत होत्या, त्यामुळे धुरासारख्या उमटल्या. हे ठरवून झालं नव्हतं, पण फोटोत आता तेवढंच बघावंसं वाटतं.

कवेलू:
तुमचं घर कवेलूचं (कौलारू) आहे का? असेल तर घरच कॅमेरा आहे.

फटीतून जमिनीवर जो कवडसा पडतो तो गोल का असतो, याचा कधी विचार केलाय? फट तर वेडीवाकडी असते. तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र. खंडग्रास ग्रहणात आमच्या माजघरातले सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. तिथून मला हे खूळ लागलं.

माझं घर गावाच्या आखरासमोर आहे, जिथं पोळा भरतो. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला समोरच्या खोलीची खिडकी काळ्या ताडपत्रीनं बंद केली, दाराच्या फटीत गोधडी कोंबली आणि ताडपत्रीला साधारण एक सेंटिमीटरचं भोक पाडलं. समोरची भिंत आठ दिवस आधी चुन्यानं पांढरी केली होती. आत गेल्यावर आधी काही दिसत नाही. दहा मिनिटं गप बसायचं. मग भिंतीवर आखर उतरतो, उलटा. खाली आभाळ, वर माणसं, आंब्याच्या पानांचं तोरण मधोमध लोंबण्याऐवजी उभं राहिलेलं.

ट्रायपॉड लावून आयएसओ १६००, एफ ३.५, ३० सेकंद. तोरणाखाली ओळीनं उभे बैल नीट आले, फक्त शिंगं हलली तिथं दोन-दोन झाली. झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणणारा माणूस एका जागी उभा, तो आला. इकडून तिकडे पळणारी पोरं एकही नाही, ३० सेकंदांत त्यांचं काहीच टिकत नाही. आणि पोळा फुटला (बैल सुटले) त्या क्षणी लावलेल्या फोटोत भिंतीवर नुसता गुलालाचा पट्टा आणि धूळ.

त्या दिवशी ऊन पडलं म्हणून जमलं. ढग असते तर भिंत काळीच राहिली असती. तुमच्याकडे आत्ता उन्हाचा तोटा नाही. छायाचित्रकार अबेलार्दो मोरेल १९९१ पासून खोल्यांमध्ये हेच करतोय, त्यानं हॉटेलच्या पलंगावर अख्खी शहरं उलटी पाडली आहेत.

जुना रोल:
सगळं ठीक, पण हे पाहून मला दोन घोटाळे दिसतात. एक म्हणजे कॅमेरा हलवला की कला होते हा समज. हा वाद शंभर वर्षांचा आहे. धूसर, चित्रासारख्या फोटोंचा अतिरेक झाला म्हणून १९३२ मध्ये अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकार मंडळींनी एफ ६४ नावाचा गट काढला आणि सगळं धारदार दिसलंच पाहिजे म्हणून हट्ट धरला. दोन्हीकडे चांगले फोटो झाले, दोन्हीकडे कचराही झाला.

दुसरा घोटाळा आपला, विदर्भाचा. भेगाळलेली जमीन, तिच्यावर डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा, फोटो काळा-पांढरा. कृपा करून हे नको. स्पर्धेत बक्षीस मिळतं हे माहीत आहे, तरी नको. त्या म्हाताऱ्याला एकदा तरी विचारलं का, कसा दिसायला आवडेल म्हणून?

माझा सल्ला: एकच वस्तू घे आणि वर्षभर तिचेच फोटो काढ. कापूस वेचताना कंबरेला बांधायची ओटी घे. भरलेली, रिकामी, धुतलेली, दोरीवर वाळणारी. बायांना विचारून. तंत्र कुठलं ते मग ती ओटीच सांगेल.

लिंबूसत्व:
ऊन एवढं आहे तर कॅमेराच कशाला? सायनोटाइप कर. १८४२ मध्ये जॉन हर्शेलनं शोधलेली पद्धत, निळे फोटो येतात. दोन रसायनं: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिलि पाण्यात. लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. वापरताना समान भाग मिसळायचे, जाड कागदावर फासायचे, अंधाऱ्या खोलीत वाळवायचे. वर तुरीची शेंग ठेव, बोंडाचं वाळलेलं टरफल ठेव, किंवा झेरॉक्सवाल्याकडून ट्रान्सपरन्सीवर निगेटिव्ह काढून घे. वरून काच. उन्हात कागद आधी निळा, मग राखाडी होतो. तेव्हा उचलायचा आणि पाण्यात धुवायचा. घरातली भांडी वापरू नकोस, लेकरांपासून लांब ठेव, आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल अजिबात नको.

रसायन नको असेल तर हळद. स्पिरिटमध्ये कालवून गाळ, कागदावर फास, वाळव, उन्हात ठेव. ऊन लागेल तिथं पिवळा उडतो. मग टाकणखाराच्या (बोरॅक्स) पाण्याचा फवारा मारला की झाकलेला भाग तांबूस-तपकिरी होतो. वायगावची हळद मिळाली तर उत्तमच. हा फोटो टिकत नाही, उजेडात उडून जातो. मला त्यात वाईट वाटत नाही.

पऱ्हाटी:
तीन आठवड्यांनी येतोय. हळदीचा पहिलाच प्रयत्न जमला, आईनं मात्र डबा लपवून ठेवलाय. सायनोटाइपला घोळ होतोय. टरफलाची पाचही टोकं स्पष्ट येतात, गडद निळा येतो, पण धुता धुता फिका पडतो आणि वाळल्यावर आभाळी. ऊन कमी पडलं म्हणून दुप्पट वेळ ठेवून पाहिलं, तेच. पाणी आमच्या बोअरचं.

लिंबूसत्व:
बोअरमध्येच घोळ आहे. पातेल्याला पांढरा थर धरतो ना? ते पाणी अल्कलीकडे झुकलेलं असतं आणि हा निळा अल्कलीत उडतो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात लिटरला चिमूटभर लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) टाक. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवून ठेव, त्याच्यासारखं दुसरं नाही.

पऱ्हाटी:
झालं! काल लिंबूसत्व टाकून धुतला, निळा जागचा हलला नाही. @जुना रोल, शेजारच्या काकूंना ओटीचं विचारलं. त्या म्हणाल्या फोटो काढ, पण आधी धुऊन देते. मी म्हटलं न धुता द्या. त्यावर त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं... ओटी मिळाली, डागांसकट. सरळ कागदावर ठेवून उन्हात धरली. कापड पातळ झालंय तिथून ऊन गेलं आणि जिथं ठिगळ तिथं पांढरं राहिलं. आठ ठिगळं मोजली.

काकूंना दाखवला तर म्हणाल्या, नऊ आहेत, एक आतून आहे. आता ओटी उलटी करून दुसरा कागद लावलाय. याला किती मिनिटं ठेवू?