गुळाच्या बॉक्सवरचा क्यूआर: स्क्रीनवर चालतो, पुठ्ठ्यावर अडतो

गुऱ्हाळवाला_कागल
एक किलो गुळाच्या खाकी बॉक्सवर क्यूआर छापायचाय. मधे लोगो, कोड सोनेरी शाईत, आकार कडेची मोकळी जागा धरून 18 मिमी. लिंक 96 अक्षरांची, पत्त्यात ‘गूळ’ देवनागरीत आहे. एरर करेक्शन (कोडचा काही भाग बिघडला तरी वाचता यावा म्हणूनची सोय) एच, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचं. स्क्रीनवरून झटक्यात स्कॅन होतो, छापील नमुना दहातला एखादाच फोन घेतो. प्रेसवाला म्हणतो डिझाइन चुकलंय, डिझाइनवाला म्हणतो छपाई. छपाईची प्लेट करायच्या आधी काय बदलू?

कोरेलमास्तर
भावा, दोघंही अर्धे बरोबर. आधी लिंक बघ. 96 अक्षरं एच लेव्हलला म्हणजे व्हर्जन 9 (व्हर्जन जितकं मोठं, तितका कोड दाट), एका ओळीत 53 चौकटी, म्हणजे कोडचे बारीक चौकोन. दोन्ही बाजूंना 4-4 चौकटी मोकळ्या सोडल्या की 61. 18 मिमीला 61 ने भागलं तर एक चौकट 0.3 मिमीसुद्धा भरत नाही. खाकी पुठ्ठा शाई पितो, कडा फुगतात आणि दोन गडद चौकटींमधली रिकामी चौकट बुजून जाते. स्क्रीनवर शाई पसरत नाही, म्हणून तिथं चालतो.

‘गूळ’नं घात केलाय. ग, ऊकार आणि ळ, प्रत्येकाची लिंकमध्ये टक्क्याच्या खुणांसह 9 अक्षरं होतात. दोन अक्षरी शब्दाला 27! स्वतःच्या डोमेनवर रोमन लिपीतली छोटी लिंक करून तिथून मूळ पानावर वळव. 24 अक्षरांत बसली तर एच लेव्हललाच व्हर्जन 3 मिळतं, 29 चौकटी. कोड मोकळ्या जागेसह 25 मिमी घेतलास तर चौकट 0.68 मिमी. दुपटीपेक्षा जास्त.

सगळी लिंक कॅपिटलमध्ये लिहिली तर त्याच व्हर्जनमध्ये 35 अक्षरं मावतात. पण प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह, अंडरस्कोर त्या कॅपिटलवाल्या अक्षरसंचात नाहीत. आणि स्लॅशपुढचा भाग कॅपिटलमध्ये उघडतो का ते सर्व्हरवर तपासून घे, डोमेनला फरक पडत नाही.

पेठेतला_छापखाना
लोगोबद्दल. एच साधारण 30 टक्के बिघाड सावरतं, म्हणजे ‘30 टक्के जागा झाका’ असं नव्हे. शाईचे डाग, पुठ्ठ्याची घडी, ओरखडे सगळं त्यातूनच भागवायचं असतं. लोगोची रुंदी कोडच्या एक पंचमांशात ठेवा, मधोमध. कोपऱ्यातल्या तीन डोळ्यांना हात लावू नका. कॅमेरा त्यांच्यावरूनच कोड शोधतो, डोळा बिघडला तर एरर करेक्शन कामाला येत नाही. ठिपके गोल करायची हौस असेल तर निदान डोळे चौकोनी राहू द्या.

फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ, फक्त काळ्या प्लेटवर. चार रंगांतून काळा केला आणि रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवर जुळणी) जरा सरकलं की कडेला रंगीत झालर येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली जेपीजी तर नकोच, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

नालीदार पुठ्ठ्यावर थेट छापलं तर नाल्यांचे पट्टे उठतात, आणि गुळाला पाणी सुटलं की कागद ओलसर होतो. त्यापेक्षा पांढरं स्टिकर, वरून मॅट लॅमिनेशन. ग्लॉसवर ट्यूबलाइटची चकाकी नेमकी कोडवर पडते. बॉक्सच्या घडीवर लावू नका.

गुऱ्हाळवाला_कागल
थोरल्या दादांना सोनेरीच पाहिजे. आणि फुकट वेबसाइटवरून केला तर कोड बंद पडतो म्हणतात, खरं काय?

कोरेलमास्तर
कोडला मुदत नसते. वेबसाइटवाल्यांनी मधे घातलेली त्यांची लिंक बंद पडते. ‘स्टॅटिक’ (थेट तुझीच लिंक असलेला) कोड निवड आणि स्कॅन केल्यावर तुझंच डोमेन दिसतंय का ते बघ.

सोनेरीचं म्हणशील तर कॅमेऱ्याला उजेडातला फरक लागतो. खाकीवर सोनेरी म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच, शिवाय धातूची शाई तिरपी धरली की चमकते. कोड काळा, नाहीतर गडद तपकिरी, पांढऱ्यावर. कोडभोवती सोनेरी किनार आखा की, पण मोकळ्या चार चौकटींच्या बाहेर.

पेठेतला_छापखाना
प्लेटआधी त्याच स्टिकरवर 100 टक्के आकारात नमुना काढा. दोन-तीन जुने स्वस्त अँड्रॉइड, मंद उजेड, साधारण 25 सेंमीवरून. आकाराच्या दहापट अंतर हा ठोकताळा. मग नखानं थोडा खरवडून परत स्कॅन करा.