ओठावरच्या हर्पिसला सेट्रिझिन चालते का?

पार्ककर:
शिवाजी पार्कात पोरांना क्रिकेट शिकवतो. एप्रिल-मे आला की खालच्या ओठाच्या कोपऱ्यात चुरचुरायला लागतं, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बारीक फोडांचा घोस. डॉक्टर म्हणाले, हर्पिस सिम्प्लेक्स. धुळीच्या सर्दीसाठी यंदा सेट्रिझिन चालू होती आणि फोड आलेच नाहीत. एक जण म्हणाला, ॲलर्जीच्या गोळ्यांवर तसं संशोधनही झालंय. मग रोज चालू ठेवू का?

परळची मावशी:
सर्दीसाठी ठेवा, ओठासाठी नको. मी फार्माकॉलॉजी शिकवायचे, त्यामुळे जरा लांबण लागेल. सेट्रिझिन हिस्टामाइनचे एच-१ रिसेप्टर अडवते: शिंका, खाज, गांध्या. तुमच्या मित्राने ऐकलं ते बहुधा सिमेटिडिनचं. ती एच-२ वाली, पित्ताची. काही पांढऱ्या पेशींवरही एच-२ असतात, ते अडवले तर प्रतिकारशक्ती जोर धरेल असा तर्क होता. १९८० च्या आसपास हर्पिसच्या कुळातल्या विषाणूंवर ती देऊन पाहिली. काहींना बरं वाटलं म्हणे. अहो, ओठावरचे फोड काहीही न घेता आठ-दहा दिवसांत बसतातच! शेजारी खोटी गोळी दिलेला गट नसेल तर श्रेय कोणाला देणार? उपचार म्हणून ती रुजली नाही.

गंमत म्हणजे सिमेटिडिनवाले जेम्स ब्लॅक आणि जिच्या प्रयोगशाळेतून हर्पिसवरचं औषध असायक्लोविर निघालं ती गरट्रूड एलियन, दोघांना १९८८ चं नोबेल एकत्रच मिळालं. असायक्लोविरला जागं करतं ते विषाणूचंच एन्झाइम, थायमिडीन कायनेज, म्हणून आपल्या निरोगी पेशींना फारसा धक्का बसत नाही. चुरचुर सुरू होताच घ्यावं लागतं, खपली धरल्यावर काय उपयोग! डोस डॉक्टरांना विचारा.

विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दबा धरून असतो, आणि ऊन त्याला उठवतं. यंदा उन्हाचं काही बदललंत का?

पार्ककर:
मुलीने रुंद काठाची हॅट आणि एसपीएफवाला लिप बाम आणून दिलाय. बाम पोरांच्या नजरेआड लावतो, नाहीतर आमची पोरं सोडतात होय!

परळची मावशी:
मग श्रेय लेकीला द्या की.

गिरगावकर:
एक भर घालतो. माझ्या भावाचा एक डोळा लाल झाला, खुपत होता. ॲलर्जीच असणार म्हणून घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब घातले आणि दुखणं चिघळलं. निघाला हाच हर्पिस, बुबुळावर. तेव्हा ओठावर फोड येणाऱ्यांनी डोळा लाल झाला तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

परळची मावशी:
अगदी बरोबर. आणि पार्ककर, फोड असताना तुमची पाण्याची बाटली पोरांच्या हाती नको. घरात तान्हं बाळ असेल तर पापा अजिबात घेऊ नका, महिन्याच्या आतल्या बाळाच्या हे जिवावर बेततं.