फॅटी लिव्हर आणि प्लास्टिकमधली केमिकल्स, खरंच संबंध आहे का?

खट्याळबोका:
सोनोग्राफी वेगळ्याच कारणासाठी केली होती, रिपोर्टात खाली बारीक अक्षरात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. दारू घेत नाही, वजन आटोक्यात, पोट थोडं सुटलंय तेवढंच, आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्तचाचणी) किंचित वर. डॉक्टर म्हणाले गोड कमी करा, हातपाय हलवा, काही महिन्यांनी परत दाखवा. आता ताईने व्हिडिओ पाठवलाय की प्लास्टिकमधली केमिकल्स हार्मोन बिघडवतात आणि लिव्हरला चरबी चढते, सगळे डबे फेकून द्या, आणि शेवटी त्या बाईंची स्वतःची डिटॉक्स पावडर विकायला (तीही प्लास्टिकच्याच डब्यात!). यात तथ्य किती? टेस्ट वगैरे असते का याची?

नदीकाठ:
पावडर सोडा, पण बाकीचं अगदीच हवेतलं नाहीये. एंडोक्राइन डिसरप्टर म्हणतात यांना, हार्मोनची नक्कल करणारी किंवा त्यांच्या कामात लुडबुड करणारी रसायनं. सगळ्यात बदनाम बीपीए, कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि टिनच्या डब्यांच्या आतल्या कोटिंगमध्ये असतं. ते इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३०च्या दशकातच माहीत होतं आणि तरी पुढे त्याचंच प्लास्टिक निघालं, आता बोला. शिवाय थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी), पीफास (नॉनस्टिक, डाग न धरणारे कपडे, आग विझवायचा फोम), जुनी कीटकनाशकं. लिव्हरच का, तर चरबी कधी साठवायची कधी जाळायची हे ठरवणारे पीपार नावाचे रिसेप्टर पेशींत असतात, यातली काही रसायनं थेट त्यांनाच जाऊन चिकटतात. जहाजांच्या बुडाच्या रंगात ट्रायब्युटिल टिन असायचं, ते गाभण उंदरिणींना दिलं तर पिल्लांच्या अंगात आणि लिव्हरमध्येही चरबी वाढली. २००६ चं काम, ब्रूस ब्लुमबर्ग यांच्या लॅबचं. 'ओबेसोजेन' हा शब्द तिथलाच.

कोराकागद:
उंदरांचं ठीक आहे हो, माणसांचं काय? लघवीत बीपीए जास्त त्यांना फॅटी लिव्हर जास्त, असे जे अभ्यास येतात त्यातले बरेचसे एकदाच नमुना घेऊन केलेले असतात. बीपीए काही तासांत अर्ध्याहून जास्त निघून जातं, मग आज सकाळच्या लघवीवरून वर्षानुवर्षं साठलेल्या चरबीचा हिशोब कसा लावणार? आणि जो माणूस पॅकबंद जास्त खातो त्याच्या पोटात साखरही जास्तच जाते, मग दोष नक्की डब्याचा की आतल्या मालाचा?

नदीकाठ:
बीपीएबद्दल सहमत. पण पीफासचं उलटं आहे. किडनी ते बाहेर टाकायच्या ऐवजी परत रक्तात ओढून घेते, त्यामुळे पीफोआ, पीफॉस ही त्यातली मंडळी रक्तात निम्मी व्हायलाच काही वर्षं जातात, म्हणजे एकदा तपासलेलं रक्तही बरंच काही सांगतं. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी टेफ्लॉनशी संबंधित कारखान्यामुळे पिण्याचं पाणी खराब झालं होतं, तिथे सुमारे ६९ हजार लोकांची तपासणी झाली. पीफोआ जास्त तिथे एएलटी (म्हणजे तुमचं एसजीपीटीच) थोडं वर सापडलं. पण त्याच प्रकरणातल्या तज्ज्ञांच्या पॅनेलने संबंध बहुधा आहे म्हणून जी यादी दिली त्यात वाढलेलं कोलेस्टेरॉल आहे, थायरॉइडचे आजार आहेत, लिव्हरचा आजार नाही. हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.

जुनीसायकल:
@खट्याळबोका तुमचं काम काय हे कुणी विचारलंच नाही. पीव्हीसीच्या कारखान्यात व्हिनाइल क्लोराइडचा खूप संपर्क आलेल्या, जाड नसलेल्या कामगारांमध्येसुद्धा फॅटी लिव्हर आणि सूज सापडलीय, अमेरिकेतल्या लुइव्हिलचा २०१० चा अभ्यास आहे. सॉल्व्हंट, केमिकलमध्ये काम असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

खट्याळबोका:
नाही हो, खुर्चीत बसून काम, तेच दुखणं बहुतेक 😅

जुनीसायकल:
मग आधी पोट. वजन शेकडा पाच-सात टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी बऱ्यापैकी कमी होते, बारीक माणसात त्याहून कमी उतरलं तरी फरक पडतो. डबे बदलून एवढं होतं असं दाखवणारा पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही. ते करायचं तर जोडीला करा: प्लास्टिकमध्ये गरम करू नका, गरम ओतू नका, आणि 'बीपीए फ्री' वाचून हुरळून जाऊ नका, त्याच्या जागी बऱ्याचदा बीपीएस असतं, जे त्याचंच भावंड. पाण्यात पीफास असेल तर उकळून जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. आरओने किंवा चांगल्या कार्बन फिल्टरने कमी होतं.

कोराकागद:
माझा आक्षेप पुराव्यावर होता, काळजी घेण्यावर नाही, हे नोंदवून ठेवतो. युरोपच्या ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या वीस हजाराव्या भागाइतकी केली, पण तीही रोगप्रतिकारशक्तीवरच्या परिणामावरून, लिव्हरवरून नाही.

खट्याळबोका:
आणि टेस्ट? पीफास रक्तात साठतं म्हणता, मग रक्तदान केलं तर निघून जाईल का? 😀

नदीकाठ:
हसू नका, ऑस्ट्रेलियात अग्निशमन दलाच्या लोकांवर हा प्रयोग झालाय, वर्षभर रक्त किंवा प्लाझ्मा द्यायला लावला आणि पीफास खरंच उतरलं, प्लाझ्मा देणाऱ्यांचं जास्त. पण त्यावरून लिव्हर सुधारतं असं म्हणता येत नाही. टेस्ट असते, पण आकडा हातात आला तरी डॉक्टर त्यावर वेगळं औषध देणार नाहीत. त्यापेक्षा साखर, लिपिड प्रोफाइल आणि जमलं तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या.