मदत हवी आहे: सायमन्सनचा 'थॉर' नव्या रंगांत वाचावा की जुन्या?

नमस्कार मंडळी. वॉल्टर सायमन्सनने लिहिलेला 'थॉर' (मार्व्हलचं कॉमिक) पुन्हा सलग वाचायचा आहे. अंक ३३७ (नोव्हेंबर १९८३) ते ३८२. शेवटच्या टप्प्यातली बरीचशी चित्रं सॅल ब्युसेमाची आहेत, पण लेखन बहुतेक सायमन्सनचंच.

अडचण आवृत्तीची आहे. २०११ च्या ऑम्निबसमध्ये (अनेक अंक एकत्र असलेल्या जाड खंडात) स्टीव्ह ऑलिफने सगळं नव्याने रंगवलं आहे. गुळगुळीत कागदावर ते देखणं दिसत असेल, पण अग्निराक्षस सुर्तुर तलवार घडवतो तेव्हाचा तो 'डूम!' आणि अक्षरलेखक जॉन वर्कमनची ठसठशीत अक्षरं मला जुन्या सपाट रंगांतच हवीशी वाटतात. ज्यांनी दोन्ही पाहिलंय त्यांनी सांगा, नव्या रंगांमुळे रेषा दबते का? जुन्या रंगांतले पेपरबॅक भारतात कुठे मिळतील? मूळ सुटे अंक परवडणार नाहीत.

दुसरं म्हणजे, सोबत मूळ नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) कथाही वाचायच्या आहेत. अंक ३८० मध्ये थॉर आणि महासर्प यॉर्मुनगांड यांची झुंज आहे, प्रत्येक पान म्हणजे एकच मोठं चित्र. स्नोरीच्या गद्य एड्डात (या कथांच्या मध्ययुगीन आइसलँडिक ग्रंथात) थॉर त्या सर्पाला मारतो आणि विषामुळे नऊ पावलांवर कोसळतो. हा भाग आधी वाचावा की कॉमिक संपल्यावर? एड्डाचा वाचायला सोपा, टिपांसह असलेला इंग्रजी अनुवाद कोणता? मराठीत काही असेल तर फारच उत्तम.

स्कर्ज एकटा पूल लढवतो तो अंक ३६२ कोणी आधीच फोडू नका, भाची पहिल्यांदाच वाचणार आहे!