जिम्नीच्या पोटाखालचे चिलखत स्वतः बसवावे की वर्कशॉपकडे सोपवावे?

घाटवाट_भोर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे मारुती सुझुकीची पाच दरवाजांची जिम्नी आहे. एरवी ती पुण्यातच फिरते, पण महिन्यातून दोन-तीनदा भोर तालुक्यातील आमच्या शेतावर जाते. डांबरी रस्ता संपल्यानंतरचे शेवटचे चार किलोमीटर ही बैलगाडीची जुनी वाट आहे. पावसाळ्यात तिच्यावरची माती वाहून जाते आणि दिवाळीपर्यंत नुसते दगड आणि मध्ये पडलेल्या घळी उरतात. गेल्या महिन्यात अशाच एका उंचवट्यावर गाडीचे पोट टेकले आणि आलेला आवाज अजून कानातून जात नाही.

तेव्हापासून तीन वस्तू घेण्याचा विचार चालू आहे: इंजिनपासून ट्रान्सफर केसपर्यंत (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) गाडीचे पोट झाकणारी तीन तुकड्यांतली पोलादी स्किड प्लेट, दोन्ही बाजूंना दरवाजांखाली बसणारे मजबूत दांडे, म्हणजे रॉक स्लायडर, आणि पुढचा लोखंडी बंपर. विक्रेत्याच्या सांगण्यानुसार वजने अनुक्रमे ४२, ३६ आणि ३८ किलो आहेत. बसवण्याची मजुरी मात्र सामानाच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश सांगितली जात आहे. ऑइल आणि ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. पान्यांचा संच, टॉर्क रेंच आणि दोन जॅक स्टँड माझ्याकडे आहेत, वेल्डिंग मशीन नाही. हे काम मी स्वतः करावे का? आधी कोणी केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

जांभ्याचा_चढ

आपण तिन्ही वस्तूंना मिळून एकच प्रश्न विचारला आहे, परंतु माझ्या मते हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी येतात. त्याआधी एक बिनखर्चाचे काम करावे. गाडी सपाट फरशीवर स्टँडवर घ्यावी, खाली टॉर्च घेऊन झोपावे आणि खरचटलेल्या प्रत्येक जागेवर खडूने खूण करावी. ज्या भागाला दोन वर्षांत एकदाही दगड लागलेला नाही, त्याला चिलखत घालण्याची घाई कशासाठी?

पाच दरवाजांच्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २५९० मिमी आहे, तर तीन दरवाजांचीचा २२५० मिमी. जमिनीपासूनची उंची २१० मिमी असली, तरी लांबी वाढल्यामुळे उंचवटा ओलांडतानाचा मधला कोन २४ अंशांवर आला आहे. चढाला भिडतानाचा पुढचा कोन मात्र ३६ अंश आहे. याचा अर्थ असा की नाक टेकण्याच्या कितीतरी आधी पोट टेकणार. आपल्या घळींमध्ये नेमके तेच झाले असावे. म्हणून माझा क्रम ट्रान्सफर केसची प्लेट, मग स्लायडर, आणि इंजिनखालची प्लेट गरज दिसली तरच, असा राहील.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. चेसिसला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) लावलेली प्लेट डिफरन्शियलचे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचे, रक्षण करत नाही. जिम्नीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहेत. डिफरन्शियलचा गोळा चाकांबरोबर खाली-वर होतो आणि त्याची जमिनीपासूनची उंची केवळ टायरच्या व्यासावर ठरते. त्यामुळे तिथला इलाज म्हणजे दगड दोन चाकांच्या मध्ये न घेता चाकाखाली घेणे आणि वाट अवघड असेल तर कोणाला तरी खाली उतरवून पुढे उभे करणे.

आता वजनाकडे येऊ. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे १२१० किलो आणि कमाल भारासह १५४५ किलो, म्हणजे माणसे, सामान आणि चिलखत या सर्वांसाठी ३३५ किलो उरतात. सरासरी ७० किलोची चार माणसे बसली की २८० गेले. आपल्या तिन्ही वस्तूंचे मिळून ११६ होतात. तेव्हा शेतावरून तांदळाचे पोते आणायचे कशात, हा प्रश्न मी थट्टेने विचारत नाही. त्यातही बंपरचे ३८ किलो पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकतात. तेवढ्याने पुढची स्प्रिंग दबते आणि ज्या उंचीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, तीच थोडी कमी होते.

पाना_नंबर_चौदा

माझे भोसरीत फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे, त्यामुळे "स्वतः करू नका, आमच्याकडे या" असे म्हणणे माझ्या सोयीचे ठरले असते. तरीही प्रामाणिकपणे सांगतो: जे किट कंपनीने दिलेल्या भोकांमध्ये फक्त बोल्टने बसते, ते आपल्यासारख्या माणसाने घरी बसवायला हरकत नाही. जिथे चेसिसवर ड्रिल किंवा वेल्डिंग करण्याची वेळ येते, तिथे थांबावे.

असे म्हणण्याचे कारण आहे. लॅडर चेसिसच्या, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्याच्या, लांब पट्टीवर वाकण्याचा सर्वांत जास्त ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर येतो, तर उभ्या बाजूच्या मध्यावर तो सर्वांत कमी असतो. उताणे झोपून ड्रिल मारणाऱ्याला मात्र खालचाच पृष्ठभाग सोयीचा वाटतो. शिवाय ही पट्टी आतून पोकळ पेटीसारखी असते. आरपार बोल्ट घालून आत नळीचा आधार न देता आवळला, तर दोन्ही पत्रे आत दबतात आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा गंजरोधक थर जळतो आणि गंज आतून सुरू होतो, जो बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात बॅटरीची निगेटिव्ह तार न काढता सीओटू वेल्डिंग केले, तर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जाण्याचा धोका असतो.

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचे स्लायडर, मी धंद्यात येण्यापूर्वी, एका वर्कशॉपने चेसिसऐवजी दरवाजाखालच्या पत्र्याला स्क्रूने बसवून दिले होते. दिसायला उत्तम होते. पहिल्याच दगडावर स्लायडरला काही झाले नाही, पण पत्रा आत गेला आणि मागचा दरवाजा उघडेना. तेव्हा पैसे देऊन केलेले काम चांगलेच असते, हेही गृहीत धरू नये. घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच विचारावे: या स्लायडरच्या टोकाला जॅक लावून गाडी उचलता येते का? उत्तर देताना तो चाचरला, तर ती पाय ठेवायची पायरी आहे, स्लायडर नव्हे. स्लायडर आणि बॉडी यांच्यामध्ये बोट सहज जाईल इतकी फटही हवी, कारण बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते आणि चेसिसच्या मानाने हलते.

घरी काम करताना अडचण येते ती बहुधा आट्यांची. जपानी घडणीच्या गाड्यांमध्ये १० मिमी बोल्टची पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, बऱ्याचदा १.२५ मिमी असते आणि आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतो तो १.५ पिचचा. दोन फेरे तो हाताने जातोही. मग माणूस पाना लावून जोर करतो आणि चेसिसमधल्या वेल्ड नटचे आटे जातात. कंपनीच्या भोकांमध्ये अंडरकोटिंग भरलेले असते, ते योग्य पिचचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हलक्या हाताने फिरवून साफ करावे. सर्व बोल्ट आधी हातानेच सैल लावावेत, प्लेट जागेवर बसली की मग तिरपे-तिरपे आवळत न्यावेत. ८.८ प्रतीच्या १० मिमी बोल्टसाठी साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर हा आकडा चालतो, परंतु किटच्या कागदावर वेगळा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. खडबडीत वाटेवरची पहिली फेरी झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासणे आवश्यक आहे.

प्लेट वजनदार असते, छातीवर पेलून एका हाताने बोल्ट लावता येत नाही. एक मीटर लांब, ६० सेंमी रुंद आणि ४ मिमी जाडीचा पोलादी पत्रा सुमारे १९ किलो भरतो. तेवढाच ६ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा दहा किलोंच्या आत येतो, परंतु दगडावर अ‍ॅल्युमिनियम खरवडते आणि अडते, पोलाद घसरते. दुसरा माणूस हवाच, आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणीही खाली जाऊ नये. दोन स्टँड, चाकांना उटी आणि हँडब्रेक, हे सगळे झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

कागदपत्र_प्रथम

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, म्हणून मी फक्त बंपरबद्दल लिहितो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणीतील तपशील वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जिम्नीला सहा एअरबॅग आहेत. पुढचा धक्का किती वेळात आणि कसा चेसिसपर्यंत पोहोचतो, यावर त्यांचे उघडणे अवलंबून असते. मूळ बंपर आणि त्यामागचा दबणारा भाग काढून तिथे न दबणारे लोखंड बसवल्यावर ते गणित कोण तपासणार? पादचाऱ्याचा विचार तर त्याहून आधी यायला हवा. स्किड प्लेट आणि स्लायडर यांविषयीही विमा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर घ्यावे. अपघातानंतर सर्वेक्षकाला समजावत बसण्यापेक्षा ते सोपे जाते.

घाटवाट_भोर

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी मेहुण्याला बोलावले आणि खडू घेऊन खाली झोपलो. इंजिनचा सम्प (खालची ऑइलची टाकी) अगदी कोरा आहे, पुढच्या बंपरच्या खालच्या कडेवर एकही ओरखडा नाही. खुणा झाल्या त्या ट्रान्सफर केसजवळच्या आडव्या पट्टीवर, डाव्या दरवाजाखाली मागच्या बाजूला आणि मागच्या अ‍ॅक्सलला जोडणाऱ्या आर्मच्या ब्रॅकेटवर. बंपर रद्द केला आहे. तीनपैकी फक्त ट्रान्सफर केसची प्लेट (१७ किलो) आणि बोल्टने बसणारे स्लायडर घेईन, म्हणजे ११६ चे ५३ किलो होतात. विमा कंपनीला मेल पाठवला असून तिचे उत्तर आल्याशिवाय काही बसवणार नाही.

दोन शंका उरल्या आहेत. त्या ब्रॅकेटचे काय करावे? आणि प्लेट लावल्यावर ऑइल बदलताना ती दर वेळी काढावी लागेल का?

जांभ्याचा_चढ

ब्रॅकेटवर स्वतंत्र छोटी पट्टी मिळते, परंतु ती बहुधा वेल्ड करून बसवावी लागते, त्यामुळे तूर्त ओरखड्यांवर प्रायमर आणि रंग लावून गंज थांबवावा, इतके पुरेसे आहे. ट्रान्सफर केसचे ऑइल वेगळे असते आणि त्याचा ड्रेन प्लग खाली असतो. प्लेटला त्याच्या समोर भोक आहे का, हे विकत घेण्यापूर्वी मोजून पाहावे. भोक असले तरीही वर्षातून दोनदा प्लेट उतरवावीच लागेल. एकदा पावसाळा संपल्यावर, कारण आत अडकलेला चिखल ओल धरून ठेवतो, आणि एकदा माघात, कारण तोवर वाटेवरचे गवत वाळलेले असते, ते प्लेटच्या आत साचते आणि सायलेन्सरचा तापलेला पाइप तिथून फार लांब नसतो. मी दर वेळी निदान दोन मुठी कुसळे काढतो.

पाना_नंबर_चौदा

बोल्ट आणायला जाताना चेसिसच्या त्याच मापाच्या भोकातला कंपनीचा एक बोल्ट काढून सोबत न्यावा आणि काउंटरवरच नवीन नट त्याच्यावर हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावा. तोंडी "दहाचा द्या" म्हटले, तर १.५ पिचचाच मिळेल.