मदत हवी आहे: क्लायंटचे कागद माझ्या फोनात, ब्राउझर-ॲप्सचं काय करावं?

खामला_चौक:

नमस्कार मंडळी. मी नागपुरात घरूनच लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. बहुतेक क्लायंट इतवारी-महालातले छोटे दुकानदार, थोडे पेन्शनर. जुलै जवळ आला की वॉट्सॲपवर पॅन, आधार, पासबुकाचं पहिलं पान, फॉर्म १६ यांची रीघ लागते. सगळं माझ्या रोजच्याच फोनवर. दुसरा फोन घेणं सध्या बजेटात नाही.

परवा भाचीला फुटाळा तलावाचे फोटो दाखवत होते. बोट सरकवलं, तर मध्येच एका काकांचा कॅन्सल्ड चेक. खाते नंबर, आयएफएससी, सगळं लख्ख. पुढे परत फुटाळा. माझे स्वतःचे फोटो कुठल्या सर्व्हरवर गेले तर गेले, त्याचं मला एवढं वाटत नाही. (जाहिराती तशाही कूलरच्याच येतात, आणि नागपुरात मे महिन्यात त्यासाठी कोणाला माझ्यावर पाळत ठेवायची गरज नाही.) पण हे कागद माझे नाहीत ना!

कॉम्प्युटरवर क्रोम आहे आणि क्लायंटच्या पोर्टलचे पासवर्ड त्यातच सेव्ह आहेत. तेच अकाउंट फोनवर, आणि तो फोन संध्याकाळी मुलाच्या हातात. फायरफॉक्स वापरून पाहिलं, आवडलंही, पण एका सरकारी पोर्टलवर डिजिटल सही जोडताना गाडी अडते. भाचा म्हणतो ब्रेव्ह ब्राउझर घे. पण तेही क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच पायावर, बनलंय म्हणे, मग फरक काय पडला?

वॉट्सॲपऐवजी सिग्नल या मेसेजिंग ॲपचा आग्रह करून झाला. एका दुकानदारानं विचारलं, "मॅडम, त्याच्यावर माझा सप्लायर आहे का?" नाही. विषय संपला. वॉट्सॲपला पर्याय नाही हे मी धरूनच चालते.

आणि यूपीआयचं ॲप एसएमएस आणि कॉन्टॅक्ट्स दोन्ही मागतं. माझ्याकडे नंबर सेव्ह केलेत ते असे: 'किराणा जीएसटी थकीत', 'पेन्शन रिफंड अडकला'. ही यादी कुणाला देणं म्हणजे लोकांच्या पैशाच्या भानगडीच देणं.

कस्टम रॉम टाका (म्हणजे फोनची मूळ सिस्टीमच बदला), सगळं सोडून द्या, असं कृपया सांगू नका. बँकेची ॲप्स चालायलाच हवीत. एवढ्यात काय काय सावरता येईल?

धंतोलीकर:

ताई, ब्राउझर दोन ठेवा आणि कामं वाटून टाका. क्रोम फक्त पोर्टल आणि बँकेसाठी, तेही कामाचं वेगळं प्रोफाइल करून. बाकी बातम्या, खरेदी, शोधाशोध फायरफॉक्सवर. तिथे युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन टाका, ते अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही चालतं. क्रोममध्ये आता त्याची फक्त लाइट आवृत्ती उरलीय. थर्ड पार्टी कुकीज (उघडलेल्या साइटशिवाय दुसऱ्याच कंपन्या आपला माग काढायला ब्राउझरमध्ये ठेवतात त्या नोंदी) बंद करू असं गूगल २०२० पासून सांगत होतं, २०२४ मध्ये तो बेत सोडला. फायरफॉक्स दर साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतं, त्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही.

भाचा चुकीचा नाही. ब्रेव्हचं इंजिन क्रोमचंच आहे, पण ट्रॅकर ते आल्यापासूनच अडवतं. तुमचं पोर्टल फायरफॉक्सवर अडतं आणि ब्रेव्हवर चाललं, तर क्रोम ठेवायचीही गरज नाही.

ब्राउझरच्या इनकॉग्निटो मोडवर मात्र भिस्त ठेवू नका. त्यानं फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर हिस्ट्री राहत नाही, साइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दिसायचं ते दिसतंच. त्यावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला होता, २०२४ मध्ये तडजोड करून जुन्या नोंदी पुसायचं त्यांनी कबूल केलं.

पासवर्ड ब्राउझरमधून काढून बिटवर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये हलवा. फुकट आहे, दोन्ही ब्राउझरवर चालतं. ते उघडायचा मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही, तेव्हा तो कागदावर लिहून कपाटात ठेवा.

बर्डीवाला:

ताई, इतकं टेन्शन कायले घेऊन राहिल्या? वॉट्सॲपवरचं बोलणं २०१६ पासून एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधल्या कोणाले वाचता येत नाही. भोक आहे ते बाहेर. चॅट्सच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे नवे फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. जुने हातानंच काढा. गूगल फोटोजमध्ये वॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप चालू आहे का तेही पाहून घ्या. तिसरं म्हणजे चॅट बॅकअप. तो आपोआप एन्क्रिप्टेड नसते, ती सेटिंग वेगळी चालू करावी लागते, पासवर्ड देऊन.

यूपीआयले एसएमएस लागतोच. तुमच्या सिमवरून मेसेज जाते, तेव्हा नंबर अन् फोनची गाठ बसते. कॉन्टॅक्ट्स मात्र खुशाल नाही म्हणा, नंबर टाकून नाहीतर क्यूआर स्कॅन करून पैसे जातातच ना! कर्जवाल्या ॲपनं कॉन्टॅक्ट्स मागितले तर सरळ उडवा. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच त्यांले कॉन्टॅक्ट अन् कॉल लॉगला हात लावू नका म्हणून सांगितलंय.

पक्की_पावती:

मीही याच धंद्यात आहे, म्हणून जरा वेगळं सांगतो. मुळात इतके कागद मागवायचेच कशाला? ज्याचं पॅन-आधार आधीच लिंक आहे, त्याच्या रिटर्नला आधारचा फोटो लागत नाही. पगार, व्याज, टीडीएस हे आयकर खात्याच्या एआयएस आणि २६एएस या विवरणांमध्ये दिसतं. बँक खातं पोर्टलवर एकदा व्हॅलिडेट झालं, म्हणजे पडताळलं गेलं, की दरवर्षी चेक नको. मी गेल्या सीझनपासून ठरलेला मेसेज पाठवतो: 'फक्त एवढंच पाठवा.' ओळखीसाठी कोणाचं आधार लागलंच तर मास्क्ड आधार मागतो, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. दुसऱ्याची माहिती आपण बाळगतो म्हटल्यावर आपणही त्यात येतो, फक्त मोठ्या कंपन्याच नाहीत.

खामला_चौक:

सगळ्यांचे आभार. मीडिया व्हिजिबिलिटी आत्ताच बंद केली आणि नावंही बदलायला घेतली, आता नुसतं 'किराणा इतवारी'. 'फक्त एवढंच पाठवा' हा मेसेज तर मी उचलणारच आहे, पक्की_पावती, चालेल ना? ब्रेव्हवर सही जोडून पाहते आणि इथेच कळवते.

पण पेन्शनर आजी काही ऐकणार नाहीत, त्या आधार पाठवतातच. मी माझ्याकडून डिलीट केलं तरी त्यांच्या चॅटमध्ये राहतं. त्याला काही उपाय?

पक्की_पावती:

खुशाल उचला. आजींच्या चॅटमध्ये डिसअपिअरिंग मेसेजेस ७ दिवसांवर ठेवा, दोन्हीकडून नवे मेसेज आपोआप पुसले जातात. मात्र कागद लागणार असेल तर त्याआधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि आजींना आधी फोन करून सांगा. नाहीतर आठव्या दिवशी त्याच विचारतील, माझं आधार कुठे गेलं म्हणून.