एक ‘स्पर्धा’, किती अर्थ?

एका क्रीडाविषयक मजकुराचा अनुवाद करतेय आणि ‘स्पर्धा’ या शब्दापाशी अडलेय. माझा पहिला खर्डा असा होता: ‘पॅरिस ऑलिम्पिक स्पर्धेत नेमबाजी स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत मनू भाकरने कांस्यपदक मिळवले.’ एका वाक्यात तीन स्पर्धा. खोडायला बसले तर नक्की कुठली खोडायची तेच कळेना, तिन्ही बरोबर वाटतात. पुढे त्याच मजकुरात ३२ आणि ३२९ असे दोन आकडे आहेत. मी दोन्हीपुढे ‘खेळ’ लिहून मोकळी झाले होते. तपासणाऱ्याने शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलंय.

———

प्रश्नचिन्ह रास्त आहे. पॅरिसमध्ये खेळ ३२ आणि स्पर्धा ३२९. ३२९ खेळ लिहिलंत तर वाचणारा चक्रावेल.

ऑलिम्पिकच्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर खेळ. त्याच्या पोटात शाखा. आणि तळाशी ती प्रत्यक्ष लढत, जिचा शेवट क्रमवारीत आणि पदकात होतो. जलक्रीडा हा खेळ, जलतरण ही त्याची शाखा (डायव्हिंग, वॉटर पोलो या त्याच खेळाच्या आणखी शाखा) आणि पुरुषांची २०० मीटर बटरफ्लाय ही स्पर्धा. मायकल फेल्प्सने २००८ साली बीजिंगला आठ सुवर्णपदकं घेतली ती एकाच खेळात, एकाच शाखेत, पण आठ स्पर्धांत.

मी एक साधी खूण धरतो: पदकांचा एक संच वाटला गेला की एक स्पर्धा झाली. पॅरिसच्या नेमबाजीत अशा १५ स्पर्धा होत्या. त्यामुळे ‘नेमबाजी स्पर्धेत पदक’ यावरून काहीच कळत नाही, पंधरापैकी कोणत्या? मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली, १० मीटर एअर पिस्तूलमध्ये वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक. खेळ तोच, पिस्तूल तेच, अंतर तेच, स्पर्धा मात्र दोन.

———

वर्तमानपत्रांत यासाठी ‘क्रीडाप्रकार’ चालतो की. ‘भालाफेक क्रीडाप्रकारात नीरज चोप्राला रौप्य.’

———

चालतो, पण तोही दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा असतो. एका बातमीत कुस्ती हा क्रीडाप्रकार, दुसरीत १०० मीटर अडथळ्यांची शर्यत हा क्रीडाप्रकार. म्हणजे खेळ आणि स्पर्धा यांतला फरक पुन्हा गेलाच. मला तो तळच्या पायरीपुरता राखून ठेवलेला आवडेल.

खरं तर मराठीकडे खेळागणिक नेमके शब्द आहेत, आपण ते न वापरता सगळीकडे स्पर्धा पेरत जातो. धावण्यात ‘शर्यत’ आहे. दोन बाजू समोरासमोर असतील तर ‘सामना’, आणि ठरावीक संख्येचे सामने असले की ‘मालिका’. कुस्तीत तर ‘वजनी गट’ म्हटलं की काम झालं: पॅरिसमध्ये १८ गट होते, फ्रीस्टाइलमध्ये पुरुषांचे सहा व महिलांचे सहा आणि ग्रीको-रोमनमध्ये पुरुषांचे सहा. ‘५७ किलो गटात अमन सेहरावतला कांस्य’ इतकं पुरे. ‘५७ किलो वजनी गट स्पर्धेत’ असं लिहिणाऱ्याचा स्पर्धा या शब्दावर फारच जीव असावा.

———

‘ऑलिम्पिक खेळांमध्ये’ असंही सर्रास दिसतं हल्ली. ती हिंदीची सावली. मराठीत ‘ऑलिम्पिक क्रीडा स्पर्धा’ किंवा नुसतं ‘ऑलिम्पिक’. वर पहिल्या पायरीला ‘खेळ’ म्हणायचं ठरवल्यावर तर हे टाळायलाच हवं.

———

याच्याशेजारचा दुसरा गोंधळ इथेच मांडतो, कारण तो मला जास्त खटकतो: ‘विश्वचषक’ आणि ‘जागतिक अजिंक्यपद’. क्रिकेट आणि फुटबॉलमुळे आपल्या डोक्यात हे दोन्ही एकच झालेत. तिथे चषक जिंकला की जगज्जेते. बाकी कित्येक खेळांत मात्र त्या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत.

तिरंदाजीत विश्वचषकाचे दर वर्षी टप्पे होतात आणि मग अंतिम फेरी. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दोन वर्षांतून एकदा. आदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जे जिंकलं ते अजिंक्यपद, म्हणून ती जगज्जेती ठरली. बुद्धिबळात तर अंतर आणखी मोठं. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरात कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. पण जगज्जेतेपद तेव्हा चीनच्या जू वेनजुनकडे होतं. विश्वचषक हा जगज्जेतीला आव्हान देण्याच्या वाटेवरचा एक टप्पा. ‘दिव्या जगज्जेती’ असं लिहिणाऱ्याने तिचं कौतुक केलं खरं, पण तिने नक्की काय जिंकलं ते पुसून टाकलं. ‘विश्वचषकविजेती’ हा शब्द लांबलचक आहे, पण खरा आहे.

———

आणि ‘ॲथलीट’चं काय करायचं? माझ्या मजकुरात पानोपानी आहे.

———

ऑलिम्पिकच्या संदर्भात असेल तर ‘खेळाडू’. मराठीत ‘ॲथलीट’ म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रॅक येतो: धावणारे, उड्या मारणारे, गोळा-थाळी-भाला फेकणारे. बॅडमिंटनपटूला आपण ॲथलीट म्हणत नाही. ऑलिम्पिकच्या कागदपत्रांत मात्र तिरंदाजापासून घोडेस्वारापर्यंत सगळे त्यात येतात.

गंमत अशी की ग्रीक मुळाशी गेलं तर ॲथलॉन म्हणजे बक्षीस आणि ॲथलीट म्हणजे बक्षिसासाठी झुंजणारा. म्हणजे शब्दशः जवळचा आपला ‘स्पर्धक’, खेळाडू नव्हे! तरी मी स्पर्धक सुचवणार नाही. त्याला वक्तृत्वाचा, निबंधाचा वास आहे.

एकेकट्यासाठी ‘-पटू’ आहेच. संस्कृत पटु म्हणजे निपुण. धावपटू, जलतरणपटू, कुस्तीपटू, बाई असो वा पुरुष, शब्द तोच. फक्त ‘तो तीन ऑलिम्पिक खेळला’ असं धावपटूबद्दल लिहू नका. धावपटू धावतो. ‘तीन ऑलिम्पिकमध्ये उतरला’ म्हणा.

———

जाता जाता एक भर. मजकुरात ‘ऑलिम्पियाड’ आला तर त्याचं स्पर्धा करू नका. ऑलिम्पियाड म्हणजे चार वर्षांचा कालखंड. म्हणून १९१६, १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिकं झालीच नाहीत तरी क्रमांक मोजले गेले आणि पॅरिस तेहेतिसावं ठरलं, भरलेली प्रत्यक्षात तीसच. टोकियोची स्पर्धा २०२१ मध्ये झाली तरी नावात २०२० राहिलं. हिवाळी ऑलिम्पिकचा हिशेब वेगळा, तिथे भरलेल्याच मोजतात. (बुद्धिबळ ऑलिम्पियाड हा भलताच प्रकार, ती खरोखर स्पर्धाच आहे. नाव ठेवणाऱ्यांना कोण विचारतो!)

———

वाक्य आता असं केलंय: ‘पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने नेमबाजीत १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.’ एकच स्पर्धा उरली. ‘शाखा’ हा शब्द मात्र घशाखाली उतरत नाहीये, बँकेची वाटते. ‘उपप्रकार’ केलं तर चालेल का?

———

चालेल. बँकेपेक्षा बरा.